घट्ट धरा हं!

लहान मूल आणि समुद्र हे दोन शब्द एका वाक्यात आले की मराठी कुटुंबात ताबडतोब दोन पक्ष पडतात. पहिला ‘नकोच’ पक्ष. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्यानं पाणी फक्त बादलीतलं पाहावं, असा या पक्षाचा जाहीरनामा. दुसरा ‘काय होतंय’ पक्ष. कोळ्यांची पोरं नाही का होडीत वाढत, एवढ्या एका वाक्यावर हा पक्ष सगळ्या निवडणुका लढवतो. दोघं कडाडून भांडतात, आणि गंमत अशी की दोघांचाही समुद्राशी संबंध बहुधा चौपाटीवरच्या भेळेपुरता असतो. माझं म्हणणं असं, की दोन्ही पक्ष चूक आहेत, आणि त्यांच्या भांडणात जे बोलायला हवं ते राहूनच जातं. ते काय, ते सांगतोच. पण आधी दोघांचा समाचार घेऊ द्या.

मागच्या नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब कोकणात उतरलो होतो. शिडाच्या होडीतून निघायचं, एक जलदुर्ग पाहायचा, दुपारी जेवायला परत, असा एका दिवसाचा बेत. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यासाठी एकाच गावाला धरणं अन्यायाचं होईल. मंडळी पाच : मी, आमची ही, चिरंजीव, सूनबाई आणि नातू. नातवाचं वय पावणेदोन वर्षं, वजन ११ किलो, आवाज अंदाजे ६० किलोचा.

बेत कुणी फोडला देव जाणे, पण रात्री आत्याचा फोन आला. आत्या पंच्याऐंशीची आहे. “अरे, तुला रामदास ठाऊक नाही का रे?” एवढंच म्हणाली आणि गप्प झाली.

ठाऊक नसायला काय झालं? १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. आत्या तेव्हा सहा-सात वर्षांची. तिच्या घरात त्यानंतर कित्येक वर्षं ‘बोट’ हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारत. तिची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण तारीख पाहा : जुलै. ऐन पावसाळा, खवळलेला दर्या. आज त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या सहलीच्या होड्या बंदच असतात. डिसेंबरचा समुद्र वेगळा. आत्याची भीती खरी आहे, फक्त ती पंचांग बघत नाही.

‘नकोच’ पक्षाचं दुसरं अस्त्र म्हणजे “त्याला बोट लागेल!” हे आमच्या हिचं. आता यावर डॉक्टर लोकांचं म्हणणं असं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बोट सहसा लागत नाही. तो त्रास पुढे वाढतो आणि साधारण नवव्या-दहाव्या वर्षी ऐन भरात येतो. प्रत्यक्षातही तसंच झालं. नातू डोलकाठीकडे बघून टाळ्या पिटत होता, आणि त्याचे तीर्थरूप, जे एका बँकेत अधिकारी आहेत, ते होडीच्या कडेवरून समुद्राला सकाळचे घावन परत करत होते.

आणि मुळात ही बाळं समुद्रावर नवीन आहेत कुठे? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आत पिढ्यान्‌पिढ्या घरं नांदली. तिथली बाळं आईच्या कडेवर बसून होडीनंच मालवणात आली-गेली. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला आणि रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये तान्ही मुलं घेतलेल्या किती बाया बसल्या असतील, याचा हिशेब समुद्रानंच ठेवला असेल. तेव्हा ‘नकोच’ पक्षाचं डिपॉझिट जप्त.

पण म्हणून ‘काय होतंय’ पक्षानं गुलाल उधळू नये. कोळ्याचं पोर होडीत वाढतं हे अगदी खरं. पण ते ज्याच्या मांडीवर बसतं, त्याला वाऱ्याची चाल कळते. आमच्या पोराचा बाप हवामान मोबाईलवर बघतो, आणि तेही पुण्याचं! मी स्वतः शाळेत खारे वारे आणि मतलई वारे दोन मार्कांसाठी पाठ केले, आणि ते खरोखर वाहतात हे कोकणात कळलं. पहाटे जमिनीवरून येणारे मतलई वारे मवाळ असतात. ऊन चढलं की समुद्रावरून खारे वारे सुटतात, दुपारी जोर धरतात, शिडाची होडी एका अंगावर कलायला लागते. तेव्हा लहान मूल असेल तर सकाळची पहिली फेरी धरावी. ऊनही कमी लागतं. पाण्यावरचं ऊन दुप्पट भासतं, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी आपल्यापेक्षा लवकर आटतं. कोळ्याला हे कुणी सांगावं लागत नाही. आपल्याला सांगितलं तरी आपण म्हणतो, “काय होतंय!”

आता मुद्द्याकडे येतो.

धक्क्यावर पोचल्यापासून होडी सुटेपर्यंत आम्हाला “मुलाला घट्ट धरा हं!” असं नऊ जणांनी सांगितलं. मी मोजले. तिकीट फाडणाऱ्यानं सांगितलं, नाखवानं सांगितलं, शहाळीवाल्यानं सांगितलं, शेजारी बसलेल्या नागपूरच्या बाईंनी दोनदा सांगितलं. आपल्याकडे काळजी घेणं म्हणजे काळजी बोलून दाखवणं. एकदा का “घट्ट धरा हं!” म्हटलं, की म्हणणारा मोकळा, पुढची जबाबदारी धरणाऱ्याची.

पावणेदोन वर्षांच्या मुलाला घट्ट धरून पाहिलंय का कधी? ते धरण्यासारखं नसतंच. नको असेल तेव्हा ते अंग सोडून देतं, आणि मग ते मूल राहत नाही, ओल्या साबणाची वडी होतं. त्यात अंगाला सूनबाईंनी लावलेलं उन्हाचं मलम. आणि समजा, धरणाराच पाण्यात पडला, तर? बुडणाऱ्या माणसाला स्वतःचेच दोन हात पुरत नाहीत. काही हौशी आईबाप मूल छातीशी झोळीत बांधून होडीत बसतात. जमिनीवर ती सोय उत्तम. पाण्यात मात्र आईबरोबर मूलही खाली जातं.

म्हणून मी विचारलं, “लहान मुलाचं जाकीट आहे का?”

“आहे की!” म्हणत एकानं फळीखालून एक नारिंगी जाकीट ओढलं आणि नातवाच्या गळ्यात घातलं. नातू दिसेनासा झाला. त्यानं जाकीट घातलं नव्हतं, तो जाकिटात बिऱ्हाड करून राहिला होता. “पट्टा आवळा की!” असा सल्लाही मिळाला. पट्टा आवळून काय होणार? मोठ्या माणसाच्या मापाचं जाकीट पाण्यात वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली निसटतं. मग नातवाऐवजी जाकीट तेवढं वाचतं.

सूनबाई शहाणी. तिनं पुण्याहूनच वजनाचं माप बघून जाकीट आणलं होतं. डोकं पाण्यावर राहावं म्हणून मानेमागे फुगीर कॉलर, उचलून घ्यायला कॉलरला मूठ, आणि जाकीट वर सरकू नये म्हणून दोन पायांमधून जाणारा पट्टा. परीक्षा सोपी : जाकिटाला खांद्यांवर धरून मूल वर उचलायचं. हनुवटी आणि कान जाकिटात शिरले, तर माप चुकलं. हिनं किंमत ऐकून “एवढ्यात चार झबली आली असती,” असं म्हटलं होतं. खरं आहे. पण झबली तरंगत नाहीत.

आमची ही परीक्षा चालू असताना होडीत हशा पिकला. “अहो आजोबा, एवढंसं तर अंतर!” एवढंसं अंतर? डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं मेली, तेव्हा ती मंडळीसुद्धा तासाभराच्याच सहलीला निघाली होती. समोर मुंबई दिसत होती. त्यानंतर गेटवेला जाकिटांची सक्ती झाली. सक्ती चांगलीच, पण माझा प्रश्न मापाचा आहे.

तो मी आमच्या नाखवालाच विचारला. माणूस भला. डोकं खाजवत म्हणाला, “काका, तीन वर्षांखाली तिकीटच नाय ना. मग जाकीट कशाला ठेवतील?”

सगळं दुखणं त्या एका वाक्यात आहे. ज्याचं तिकीट नाही त्याचं जाकीट नाही. होडीत किती माणसं बसली ते तिकिटांवरून मोजतात, त्यामुळे मांडीवरचं मूल मोजणीतच येत नाही. आपण मात्र तिकीट लागलं नाही म्हणून खूश! दोन्ही पक्ष मूल न्यावं की नेऊ नये यावर घसा कोरडा करतात, आणि ज्याच्यासाठी भांडतात ते होडीच्या हिशेबात नसतंच.

मूल न्यावं, माझं स्पष्ट मत आहे. किल्ला त्याला कळत नाही. आमच्या नातवाला अख्ख्या किल्ल्यात एक कुत्रंच तेवढं आवडलं. पण शीड वाऱ्यानं भरलं तेव्हा तो जो श्वास रोखून बघत राहिला, तसं मी त्याला दूरदर्शनपुढे कधी पाहिलं नाही. एवढ्यासाठी न्यावं. पण नेताना धक्क्यावरच्या खिडकीत आधी मापाचं जाकीट मागावं, नसेल तर होडीत पाय ठेवू नये. मागणारे दहा जण निघाले की अकराव्यासाठी ते आपोआप येईल; आपल्याकडे कायद्यापेक्षा गिऱ्हाईक लवकर पोचतं.

आणि खर्चाचाच प्रश्न असेल, तर माझी तयारी आहे. नातवाचं अर्धं तिकीट घ्या, हवं तर पुरं घ्या. पण त्याला एकदा माणसांत मोजा.