मोटर हलकी, विहीर खोल

गेल्या पावसाळ्यात मोरगावला गेलो होतो. मयूरेश्वराचे दर्शन घेऊन चुलतभावाच्या घरी टेकलो, तर चहाच्या आधी पुढ्यात एक कागद आला. त्यावर पुतण्याच्या सुवाच्य अक्षरात मथळा होता, ‘कॉलेजसाठी लागणारा लॅपटॉप’. खाली यादी: १६ जीबी रॅम, ६ जीबीचे वेगळे ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एसएसडी. पोराला बारामतीत अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला. भावाने एक गाय विकून चाळीस हजार रुपये बाजूला काढून ठेवलेले. म्हणाला, “नाना, तुम्ही पुण्यात असता, तुम्हाला त्यातलं कळतं. चाळीसात हे बसतंय का, आणि चालंल का, तेवढं सांगा.”

पुतण्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे न बघता बाहेरच्या कोंबड्या मोजत होता.

यादी वाचताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण हीच यादी मी वर्षभरापूर्वी पुण्यात माझ्या स्वतःच्या घरात ऐकली होती. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅम लिहायला, अहवाल टंकायला आणि आकडेमोड करायला ८ जीबीचे साधे यंत्र पुरते. १६ जीबी रॅम आणि ६ जीबीचे कार्ड मागतो तो ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ नावाचा खेळ. २० ऑगस्ट २०२४ रोजी तो बाजारात आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. चीनमधल्या सोळाव्या शतकातल्या एका कादंबरीवर तो बेतला आहे. बौद्ध ग्रंथांसाठी भारताकडे निघालेल्या भिक्षूची आणि त्याच्या वानर सोबत्याची ती गोष्ट. तो भिक्षू म्हणजे आपल्या शाळेच्या इतिहासातला ह्युएन त्संग. खरा ह्युएन त्संग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला होता. तेव्हा पोराची आवड अगदीच परकी नाही. काकूने म्हणे त्याच्या मोबाइलवर त्या खेळाचे चित्र पाहिले, काठी घेतलेले वानर दिसताच हात जोडले आणि विचारले, “कुठला रं हा मारुती?”

आता प्रश्न असा की चाळीस हजारांचा लॅपटॉप हा खेळ चालवू शकतो का? दुकानदार सांगतो, “चालेल की!” हे ‘चालेल’ फार फसवे आहे. आपल्या भाषेत चहात साखर कमी पडली तरी चालते, पाहुणे उशिरा आले तरी चालते आणि लंगडा बैलही चालतो. खेळ सुरू होणे वेगळे आणि खेळता येणे वेगळे.

भावाला मी विहिरीची भाषा वापरून समजावले. मोरगाव-सुप्याचा हा भाग जिराईत. कालव्याचे पाणी तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला. त्यामुळे मोटर आणि विहीर यांचे गणित इथे लहान पोरालाही कळते. स्वस्त लॅपटॉपमध्ये चित्र काढण्यासाठी वेगळे कार्ड नसते. प्रोसेसरच्याच पोटात एक छोटा चित्रकार बसवलेला असतो. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो घरातल्या ८ जीबीतूनच उसनी घेतो, आणि त्या ८ मधला मोठा वाटा विंडोजने आधीच उचललेला असतो. अशा यंत्रातला प्रोसेसर आणि चित्रकार मिळून साधारण १५ वॅटवर काम करतात. खेळाच्या कर्त्यांनी ‘कमीत कमी’ म्हणून जे कार्ड सांगितले आहे, ते एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६०, टेबलावरच्या संगणकातले. ते २०१६ सालचे, म्हणजे जुनेच. पण ते एकटे १२० वॅट खाते. आठपट!

भाऊ म्हणाला, “म्हणजे मोटर हलकी आणि विहीर खोल.”

याहून चांगले मला सांगता आले नसते. हलकी मोटर खोल विहिरीवर बसवली तर ती गुरगुरते, तापते, पाइपाच्या तोंडाशी चूळ भरल्यासारखे पाणी येते. या लॅपटॉपचेही तेच होते. पडद्यावरची हालचाल गुळगुळीत दिसायची तर सेकंदाला ६० चित्रे काढावी लागतात, निदान ३० तरी. म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग. बारीक यंत्राला ते जमत नाही. मग मारुतीने काठी उगारली की ती खाली येईपर्यंत राक्षसाने त्याला लोळवलेले असते.

तोडगे आहेत, नाही असे नाही. पडद्यावरचे ठिपके कमी करायचे: १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके होतात, १२८० गुणिले ७२० केले की सव्वानऊ लाखांवर येतात, काम निम्म्याहून कमी. सावल्या, गवत, धुके सगळे उतरवायचे. चित्र लहान काढून मोठे करून दाखवायची युक्तीही खेळातच दिलेली असते. आणि एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही: ८ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा दोन पट्ट्या असल्या, तर त्या पोटातल्या चित्रकाराला मेमरी दोन वाटांनी मिळते आणि त्याचा हात बराच चालतो. पण पुष्कळ स्वस्त यंत्रांत मेमरी डाख देऊन कायमची बसवलेली असते, दुसऱ्या पट्टीला खाचच नसते. ती खाच आहे की नाही, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्रोसेसरच्या रंगीत चिकटपट्टीपेक्षा त्या रिकाम्या खाचेला जास्त किंमत आहे.

तरीही एवढे सगळे करून ‘वुकाँग’ त्या यंत्रावर सुखाने खेळता येणार नाही. चाळीस हजारांत नाही. वेगळ्या कार्डाची यंत्रे साठ-पासष्ट हजारांच्या पुढे सुरू होतात, आणि २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव चढल्यापासून तोही हिशेब डळमळीत झाला आहे.

शिवाय गावाचा हिशेब वेगळा. हा खेळ १३० जीबी जागा मागतो. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर तो उतरवायचा म्हटला तर ८७ दिवस लागतील. संकष्टीच तीनदा येईल. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत यंत्र तापले की ते स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करते. वीज गेली आणि बॅटरीवर आले की आणखी कमी. चकचकीत वातानुकूलित दुकानात पाच मिनिटे पाहिलेला वेग घरी येईलच असे नाही.

हे सगळे मी भावाला सांगत होतो, आणि मूळ गोष्ट मात्र दाबून ठेवली होती: ही यादी कॉलेजची नव्हती. बापाने गाय विकली होती. सांगावे तर पोराचा विश्वास जातो, न सांगावे तर भावाचा. संध्याकाळी पुतण्याला घेऊन देवळाकडे निघालो. मोरगावच्या देवळासमोर नंदी आहे. गणपतीसमोर नंदी कसा, याची गावात कथा सांगतात: तो महादेवाच्या देवळाकडे नेला जात होता, इथे आल्यावर गाडी मोडली, आणि नंदी काही केल्या हलेना. त्या नंदीजवळ उभे राहून मी विचारले, “यादी कुणाची?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, खेळायला पाहिजे म्हटलं असतं तर अण्णांनी लॅपटॉपच नसता घेतला. त्यांना मोबाइलवरची रमी आणि हा खेळ एकच वाटतं.”

या उत्तरात तथ्य आहे, आणि आम्हा वडीलधाऱ्यांना ते झोंबायला हवे. पैसे लावून खेळायच्या खेळांनी गावोगावची घरे पोखरली हे खरे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळी मान्यता दिली. दोन्हींत फरक आहे हे सरकारला कळले, घरात अजून कळलेले नाही. आपण पोराला हौस सांगायची मुभा ठेवली नाही, की तो हौशीला अभ्यासाचा सदरा घालून आणतो. मग घर कर्ज काढून नको ते यंत्र घेते, किंवा ‘चालेल’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर भलतेच घेते. दोन्हींत पैसा जातो.

आणि आम्ही तरी कुठले सोवळे? १९९४ च्या सुमारास पुण्यातल्या एका संगणक वर्गात आम्ही डॉस शिकायला जात असू आणि सर चहाला गेले की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लावत असू. मग कुणीतरी फ्लॉपीवर ‘डूम’ आणला. डिसेंबर १९९३ मध्ये निघालेला हा खेळ ३८६ चा प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरी मागे. आमच्या वर्गातली यंत्रे २८६ ची. ती हळूहळू चालली असती तरी गोड मानले असते. ती चाललीच नाहीत. आज ‘वुकाँग’ १६ जीबी मागतो, म्हणजे त्या ४ एमबीच्या चार हजार पट. यंत्रे चार हजार पटींनी वाढली, दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला पोरगा तेवढा जागच्या जागी आहे.

चांगला खेळ म्हणजे वजनदारच, असेही नव्हे. आपल्या पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी ‘राजी’ हा खेळ केला. दुर्गेचा आणि विष्णूचा आशीर्वाद घेऊन हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला. ते हातात मावणारे यंत्र, त्याची मेमरी अवघी ४ जीबी. करणाऱ्याने मनावर घेतले तर थोड्या पाण्यातही पीक येते, हे जिराईत मुलखाला मी काय सांगावे!

पुतण्याला मी एक अट घातली: बापाला तू स्वतः सांगायचे. आणि एक काम दिले. ‘वुकाँग’च्या कर्त्यांनी खेळ निघण्याच्या आठवडाभर आधी एक चाचणी फुकट दिली होती, ती यंत्रावर चालवली की सेकंदाला किती चित्रे पडतात याचा आकडा समोर येतो. त्याच्या एका मित्राकडे आपल्याला परवडणारेच मॉडेल होते. म्हटले, त्यावर लाव आणि जो आकडा येईल तो अण्णांना दाखव. स्टीम या दुकानातून घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, हेही सांगितले. पण चाचणी फुकट असताना तिथवर जायचेच कशाला?

चार दिवसांनी भावाचा फोन आला. सगळे उतरवून, ठिपके कमी करूनही आकडा चौदाच्या वर गेला नव्हता, राक्षस आला की अकरावर. पोराने तो आकडा आणि यादीची खरी हकीकत एका दमात सांगितली होती. भाऊ चिडला का, असे मी विचारले. “चिडलो तर,” तो म्हणाला. “दोन दिवस बोललो न्हाई त्याच्याशी. खेळायला पायजे म्हणून सांगता येत न्हाई व्हय बापाला?” थोडे थांबून, “मलाबी त्यानं इचारावं असं मी कधी केलं म्हणा.”

यंत्र घेतले ते अडतीस हजारांचे. ८ जीबीचे, अभ्यासाला पुरते, आणि एक खाच रिकामी असलेले. पुतण्या त्यावर जुने, हलके खेळ खेळतो. पहिल्या सत्राचा निकाल लागायचा आहे. काकू अधूनमधून विचारते, तो काठीवाला मारुती आला का. परवा भावाने आणखी एक फोन केला. दुधाच्या पगारातून काही उरले होते. त्याला विचारायचे होते, दुसरी पट्टी आता केवढ्याला पडते, आणि भाव उतरेपर्यंत थांबावे की घेऊन टाकावी.