पी हळद अन् हो गोरी

शनिवार आहे, ऑफिसातले बग्ज संपलेत (थापा! ते कधी संपतात?), तेव्हा मंडळी, आज जरा भांडूया.

भांडण दोन पार्ट्यांशी आहे. पहिलीला वाटतं, रंग उडाला म्हणजे गाडी संपली. दुसरीला वाटतं, बाटलीभर कोटिंग फासलं की गाडी नवी झाली. तोंडं दोन दिशांना असली तरी चूक एकच. दोघेही गाडीची तब्येत तिच्या चकाकीवरून ठरवतात.

पहिली पार्टी आमच्या नातेवाइकांत भरपूर. साताऱ्याला घरी बाबांची २००५ ची मारुती ८०० आहे. एमएच-११, रंग पांढरा. म्हणजे कागदोपत्री पांढरा; पत्र्यावर बोट फिरवलं की खडूसारखी पूड यायची. दिवाळीत कुणी आलं की डायलॉग ठरलेला: "पोरगा पुण्यात आयटीत, आणि तुम्ही अजून ह्या डब्यात?" ब्रेक कसे लागतात, ॲव्हरेज किती देते, हे एकानेही विचारलेलं नाही.

अहो, कायद्यालासुद्धा चकाकीचं पडलेलं नाही. महाराष्ट्रात खासगी मोटार १५ वर्षं झाली म्हणून आपोआप भंगारात जात नाही. आरटीओच्या तपासणीत ठीक ठरली तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ही फी १०,००० रुपये केली. चटका आहे, मान्य. पण एसयूव्हीचा एक हप्ता बहुतेकदा याहून मोठा असतो आणि तो दर महिन्याला बसतो!

आता रंगाचं बघू. रंग मरतो कसा? एक तर ऊन. दुसरं, आपल्या भागातलं बोअरचं पाणी. सुकलं की क्षाराचे गोल डाग ठेवून जातं. तिसरं, उसाच्या सीझनला पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी. आणि चौथं सगळ्यात वाईट: आपण स्वतः. धुळीवरून कोरडं फडकं फिरवायचं, कपड्याच्या पावडरने धुवायचं, वर "रोज पुसतो हो गाडी" हा अभिमान. ती धूळ म्हणजे बारीक वाळू. रोज पुसत नाही, रोज घासपेपर मारतो.

पण यात बिघडतो तो बहुतेक वेळा फक्त वरचा थर. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर तोही नसतो, रंगच थेट उन्हात. तो मेलेला थर हलक्या हाताने काढला की खाली चांगला रंग असतो. मात्र क्लिअर कोटचे पापुद्रे निघायला लागले असतील तर कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही, सरळ पेंटर गाठा.

आता दुसरी पार्टी. "सर, सिरॅमिक करून टाका, ९एच आहे, ओरखडाच पडणार नाही." ऐकायला हिऱ्याचा भाऊबंद वाटतो ना? तो ९एच म्हणजे पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचं माप आहे. एचबी, २एच, ड्रॉइंगच्या तासाला वापरलेल्या त्याच पेन्सिली! कोटिंग वाईट नाही, पाणी आणि घाण चिकटू देत नाही. पण खालचा रंग साफ न करता तासाभरात फासलं तर खालचे ओरखडे आणि डाग तसेच राहतात, फक्त जास्त चमकतात. हळद पिऊन कोणी गोरं झालेलं नाही, आणि हे हळदीच्या सांगलीला मी सांगायची गरज नाही.

खरं काम कंटाळवाणं आहे. गाडी सावलीत घ्यायची. दोन बादल्या, एक शाम्पूची, दुसरी फडकं खळबळून काढायची, म्हणजे निघालेली वाळू परत पत्र्यावर जात नाही. मग क्ले, ही चिकणमातीसारखी वडी, ओल्या पत्र्यावर फिरवायची. रुतून बसलेली घाण तिला चिकटून येते. मग कंपाऊंड, मग पॉलिश, शेवटी वॅक्स. एकेक पत्रा करत जायचं. ८०० ला मला दोन वीकएंड लागले आणि सामानाला दोन-अडीच हजार.

आणि या कंटाळ्याचाच खरा फायदा आहे. इंच न् इंच घासताना गाडी कळते. मागच्या दाराखाली पाणी निघून जायची भोकं असतात, ती चिखलाने बुजली होती आणि आतून गंज धरत होता. वरून कोटिंग मारलं असतं तर वर्षभरात पत्रा फुटला असता, चकाकत चकाकत.

चकाकी गंज दाखवते तशी लपवतेही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५! घरं बुडाली, तिथे गाड्यांचं काय. पुढच्या वर्षी सांगलीच्या मामांना एका डीलरने (नाव नको) एक सेकंडहँड गाडी दिली. मामा अजून म्हणतात, "नवरीगत दिसत होती रे!" तीन महिन्यांत वायरिंग गेलं. कार्पेट उचललं तर खाली गाळ. निवृत्तीच्या पैशातली गाडी होती ती.

म्हणून जुनी गाडी घेताना बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा बघू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ दिसते का बघा. स्टेपनीचा खड्डा बघा. सीटच्या रुळाचे स्क्रू गंजलेत का बघा. तिथवर पॉलिशवाल्याचा हात सहसा जात नाही.

"एवढा वेळ कोणाला आहे?" असं म्हणणार असाल, तर शेवटची वेबसिरीज किती तासांची होती तेवढं आठवा. आमची ८०० आता पांढरी आहे. बाबा तिला डबाच म्हणतात, पण हल्ली सावली बघून लावतात.

असो. उरलेलं भांडण पुढच्या शनिवारी.