परीक्षक नसलेल्या चौकात

युवा महोत्सवाचा सीझन आला की कॉलेजाकॉलेजांत पथनाट्याच्या टीम उभ्या राहतात. काळे कुर्ते, कमरेला ओढणी, गळ्यात डफ. विषयही ठरलेले: हुंडा, प्लास्टिक, मोबाइलचं व्यसन. घसा फोडून ओरडायचं, शेवटी ओळीत उभं राहून समाजाला शपथ घालायची आणि निकाल लागेपर्यंत परीक्षकांचे चेहरे वाचत बसायचं. मेहनत खरी असते, वादच नाही. पण हुंड्यावरचं नाटक हुंडा घेणाऱ्या एका तरी घरासमोर होतं का?

सफदर हाश्मी हे नाव बहुतेकांना त्याच्या मृत्यूमुळे माहीत असतं. बघण्यासारखं आहे ते त्याचं काम. 1978 साली तो 24 वर्षांचा होता. दिल्लीत 'जन नाट्य मंच' 1973 पासून चालू होता, पण आणीबाणीनंतर मोठी नाटकं परवडेनात आणि कामगार संघटनांकडेही पैसा नव्हता. मग ठरलं, मोठं जमत नाही तर छोटं करू. त्यातून आलं 'मशीन'. जेमतेम तेरा मिनिटांचं. सेट नाही, लाइट नाही. नटांच्या अंगांचंच यंत्र तयार होतं, खडखडतं आणि मध्येच बंद पडतं. का? तर कामगारांना हवंय एक सायकल स्टँड आणि एक कँटीन. एवढंच! गाझियाबादच्या एका कारखान्यात खरोखर याच मागण्यांवरून संघर्ष पेटला होता आणि गोळीबारात कामगार मेले होते.

मला वाटतं, सगळी गंमत त्या सायकल स्टँडमध्ये आहे. 'शोषण थांबवा' ऐकून माणूस पुढे निघून जातो. सायकल कुठे लावायची, असं कुणी विचारलं की थांबतो, कारण त्याचीही सायकल बाहेर उन्हात उभी असते.

इंग्रजीत एमए झालेल्या सफदरनं आधी शिकवलं, मग पश्चिम बंगाल सरकारचा दिल्लीतला माहिती अधिकारी म्हणून काम केलं. तीही नोकरी सोडून तो पूर्णवेळ नाटकात आला. (घरी काय सांगितलं असेल, हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांना पडेलच.) तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता होता आणि ते कधी लपवलं नाही. त्याच्या पक्षाशी आपलं पटायलाच हवं असं नाही.

1 जानेवारी 1989. साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये नगरपालिका निवडणुकीच्या काळात 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना हल्ला झाला. राम बहादूर नावाचा कामगार मारला गेला. दुसऱ्या दिवशी सफदर गेला, वय 34. आणि 4 जानेवारीला त्याची पत्नी मोलयश्री टीम घेऊन त्याच जागी परत गेली. अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं.

त्या दिवशीच्या टीममध्ये सुधन्वा देशपांडे होते, आपले नाटककार गो. पु. देशपांडे यांचे चिरंजीव. गोपुंचं 'सत्यशोधक' पुढे पुण्यात अतुल पेठे यांनी केलं, ते महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन. म्हणजे ज्यांचा प्रश्न, तेच रंगमंचावर.

आपल्याला लगेच एवढं जमणार नाही. पण महोत्सव संपला की डफ कपाटात जातो, तो एक दिवस उशिरा गेला तर चालेल. कॉलेजच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला अख्खी ड्यूटी उभ्यानं काढतो. त्याला खुर्ची का नाही, हे कुठल्या टीमनं विचारलंय? तेरा मिनिटांचा विषय आहे.