सूची की सामानाची यादी?

जुनी पुस्तके आणि पोथ्या यांच्या छायाप्रती काढून त्या संगणकावर ठेवल्या की ग्रंथालयाचे आधुनिकीकरण झाले, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे दृढ झाला आहे. समारंभ होतो, भाषणे होतात, इतकी हजार पाने जतन केली असे जाहीर होते; आणि पुढे त्यांतील एखादे पान शोधू जावे तर ते हाती लागत नाही, कारण त्याची नोंदच नीट झालेली नसते. आमचे स्पष्ट मत असे की, ज्याची धड नोंद नाही ते जतन झालेलेच नाही. कोठार धान्याने भरलेले आहे, पण कोणत्या कणगीत काय हे कोणासच ठाऊक नाही, अशा कोठाराचा अभिमान कशासाठी वाहायचा?

जेथे नोंद आहे तेथेही ती बहुधा केवळ अक्षरांची रांग असते. कृष्णदास शामा यांचेच उदाहरण घ्या. १५२६ सालच्या त्यांच्या मराठी ‘श्रीकृष्णचरित्रकथे’चे हस्तलिखित पोर्तुगालातील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात आहे, आणि १८३२ साली स्थापन झालेल्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयास आज त्यांचेच नाव आहे. देवनागरीत ते ‘शामा’. रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने लिहिले तर आडनावाचा आरंभ एक्स या अक्षराने होतो, इंग्रजी वळणाने एस आणि एच यांनी. जाणकार माणूस हसून म्हणेल, हे सारे एकच. यंत्राला मात्र ही तीन निरनिराळी माणसे. शणै गोंयबाब यांची गतही तीच. कोणी टोपणनावाखाली नोंद करावी, कोणी वर्दे म्हणून, कोणी वालावलीकर म्हणून; आणि एकाच लेखकाचे ग्रंथ तीन कप्प्यांत विखरून जावेत!

नाव म्हणजे ओळख नव्हे, हे आम्हां वकिलांस कोणी शिकवावे लागत नाही. जमीन विकली जाते, वारसांत वाटली जाते, धारकाचे नाव बदलते, त्याचे शुद्धलेखनही बदलते. पण सर्व्हे क्रमांकाच्या आधारे ती जमीन कोणती हे निश्चित सांगता येते. लिंक्ड डेटा या नावाने जी पद्धती आज ओळखली जाते, तिचे मर्म एवढेच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली तिचे सूत्र मांडले. प्रत्येक वस्तूस, मग ती व्यक्ती असो, ग्रंथ असो वा गाव असो, वेबवर एक स्वतंत्र व स्थिर पत्ता द्यावा. त्या पत्त्यावर जाणाऱ्यास, माणसास आणि यंत्रासही, तिची माहिती प्रमाणित स्वरूपात मिळावी. आणि तेथून संबंधित इतर पत्त्यांकडे वाटा असाव्यात. ‘या ग्रंथाचा कर्ता ही व्यक्ती’, ‘ही व्यक्ती या गावची’, अशी लहान लहान विधाने एकमेकांत गुंफत गेली की पणजीची नोंद आणि ब्रागाची नोंद, समुद्र मध्ये असूनही, एकमेकींस ओळखू लागतात.

हे काम ग्रंथालयात प्रत्यक्ष कसे उतरवावे, याचा धडा स्वीडनकडून घ्यावा. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने आपली ‘लिब्रिस’ ही संयुक्त सूची २००८ साली लिंक्ड डेटाच्या रूपाने जगास खुली केली. परंतु आतले कामकाज तेव्हाही ‘मार्क’ या जुन्या नमुन्यातच चालत होते. हा नमुना अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात घडला. त्या काळी ते मोठेच कार्य होते. पण त्याचा पिंड सूचीकार्डाचा, म्हणजे छापील ओळींचाच राहिला. ओटीवर नवी मांडणी आणि माजघरात जुनाच संसार, असा हा दुहेरी कारभार स्वीडनने २०१८ साली मोडला आणि मूळ नोंदणीच लिंक्ड डेटाच्या पायावर उभी केली. आमच्या मते या दोन वर्षांतील भेद हाच सारा प्रश्न आहे. जुन्या नोंदी एकदा रूपांतरित करून प्रदर्शनास मांडणे सोपे. ज्या वहीत रोज काम चालते ती वहीच बदलणे अवघड. पहिले करून जो थांबतो, त्याचे प्रदर्शन काही वर्षांत शिळे होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही २००९ साली आपले विषयशीर्षक असे खुले केले आणि ‘मार्क’ची जागा घेण्यासाठी ‘बिबफ्रेम’ हा नवा आराखडा पुढे आणला.

कोणी म्हणतील, हे श्रीमंत राष्ट्रांचे चोचले. आमच्या ग्रंथालयात पंख्याच्या विजेची भ्रांत! हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांच्या हाताशी संगणक नव्हता. उणीव पैशाची कमी आणि निश्चयाची अधिक आहे. शिवाय आरंभी साऱ्या ग्रंथांस हात घालण्याचे कारणच नाही. आपापल्या गावच्या लेखकांची नावे, त्यांची रूपांतरे व टोपणनावे, जन्ममृत्यूची वर्षे, एवढेच आधी निश्चित करावे. ग्रंथकारांच्या ओळखी जुळवणारी ‘व्हायफ’ ही आंतरराष्ट्रीय नामसूची आहे. २०१२ पासून कोणाही अभ्यासूस नोंद करता येईल असे ‘विकिडेटा’ आहे. आपली नोंद त्यांस जोडावयास कारखाना लागत नाही, एक चिकाटीचा ग्रंथपाल लागतो.

दुसरा आक्षेप विशेषतः देवस्थानांच्या आणि जुन्या घराण्यांच्या संग्रहांबाबत ऐकू येतो: आमच्या पोथ्यांची माहिती जगास का द्यावी? उत्तर सरळ आहे. नोंद खुली करणे म्हणजे पोथी देऊन टाकणे नव्हे. पोथी आपल्या पेटीत, तिची मालकी आपली, ती कोणास दाखवावी हा अधिकारही आपला. जगास कळते ते इतकेच की ती आहे. आणि जिचे अस्तित्वच कोणास ठाऊक नाही, ती पोथी वाळवीने खाल्ली तर तिच्यासाठी हळहळणार तरी कोण?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: हे पत्ते टिकतील कशावरून? ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्याने ब्रिटिश लायब्ररीसारख्या संस्थेची सूची बंद पडली आणि मर्यादित स्वरूपात ती पुन्हा उघडण्यास जानेवारी २०२४ उजाडला. म्हणून नोंदींच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात, आणि पत्ता राखण्याचे उत्तरदायित्व व्यक्तीने नव्हे, संस्थेने लेखी घ्यावे. श्रीमंगेशाचे स्थान सोळाव्या शतकात कुशस्थळीहून प्रियोळास गेले. स्थान बदलले, दैवत बदलले नाही, आणि भाविकांस वाट सापडली, कारण ती सांगणारे कोणीतरी सतत होते. संगणकाच्या पत्त्यासही असाच वाट सांगणारा लागतो.

शेवटी, मराठी आणि कोंकणी यांच्यातील वादाने जे दुखावतात त्यांस आमचे एक निवेदन आहे. अमुक ग्रंथकार कोणाचा, हा तंटा सूचीने मिटवू नये. तिने पुरावा नोंदवावा. अमुक ग्रंथ या भाषेतील, असे अमुक अभ्यासक म्हणतात. दुसरे तसे मानत नाहीत. दोन्ही विधाने, कोणाची ती हे सांगून, शेजारी शेजारी नांदू शकतात. कार्डाच्या एका ओळीत ही उदारता मावत नव्हती. या पद्धतीत ती मावते.

यास्तव पणजी, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील ग्रंथालयांच्या चालकांकडे आमची मागणी थोडकी आहे. पुढल्या वार्षिक सभेत छायाप्रतींचे आकडे वाचून दाखवण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: आपल्या संग्रहातील किती ग्रंथकारांस आपण कायमची ओळख दिली? उत्तर शून्य असेल तर ते इतिवृत्तात लिहून ठेवावे, म्हणजे त्या पुढल्या वर्षी तरी कोणी ते वाचून काम हाती घेईल.