विनोदाची कलाटणी

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी तुमच्या आजोबांना चांगली आठवत असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली ही अरुंद रुळांची गाडी या भागातला कापूस वाहून नेत असे. आता ती धावत नाही. परंतु तिच्या संथपणाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. पुढील गोष्ट खरे तर जगातील सर्वच मंद गाड्यांविषयी सांगतात, पण आपण ती शकुंतलेलाच बहाल करू.

एक गृहस्थ दारव्ह्याच्या स्थानकावर उभे होते. घड्याळात दहाचा ठोका पडला आणि त्याच क्षणी गाडी आली. गृहस्थांना भरून आले. स्टेशनमास्तरांचा हात हाती घेऊन ते म्हणाले, "मास्तर, धन्य आहे तुमची! आज गाडी अगदी वेळेवर आली." मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, ही कालची गाडी आहे."

तुम्ही हसलात, ते का? गृहस्थांबरोबर तुमचेही मन एका वाटेने निघाले होते. मास्तर आभार मानतील, अशी तुमची अपेक्षा होती. शेवटच्या चार शब्दांनी ती वाट एकाएकी मोडली. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याने १७९० साली आपल्या ग्रंथात हेच सांगितले आहे की, ताणून धरलेली अपेक्षा अचानक शून्यात विरली म्हणजे हसू येते.

मला मात्र हे म्हणणे अपुरे वाटते. मास्तर "साहेब, ही गाडी नसून हत्ती आहे" असे म्हणाले असते, तर आश्चर्य याहून मोठे झाले असते. पण हसले कोण असते? "कालची गाडी" हे उत्तर अनपेक्षित असूनही पूर्णपणे खरे ठरते. गाडी दहालाच आली होती, फक्त मधे एक दिवस लोटला होता! दुसरा अर्थ आरंभापासून तेथेच दडलेला असावा आणि तो आपल्याला दिसू नये, यातच विनोदाची खुबी आहे.

ही खुबी साधलेला एक मोठा कवी यवतमाळातच होऊन गेला. वासुदेव वामन उर्फ भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) हे व्यवसायाने वकील व छंदाने शिकारी होते. उर्दूतील शायरीचा बाज त्यांनी मराठीत आणला. मैफलीत शायर आधीच्या ओळी पुन्हा पुन्हा म्हणतो व श्रोत्यांची उत्कंठा वाढवत नेतो; मग अखेरच्या ओळीत कलाटणी देतो. भाऊसाहेबांनी मृत्यूसारख्या गंभीर विषयावरही, आणि तोही स्वतःच्या मृत्यूवर, श्रोत्यांना असे खळखळून हसविले. (मराठी विनोदी लेखनाचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हेही वऱ्हाडातले वकीलच! कोर्टात शेवटचा मुद्दा राखून ठेवावा लागतो, त्याचा तर हा गुण नसेल?)

परंतु सर्वच हसणे या जातीचे नसते. खेड्यातून आलेला एखादा मुलगा वर्गात "काऊन?" असे विचारतो आणि मुले हसतात. येथे कोणती अपेक्षा मोडली? कोणता दडलेला अर्थ उघड झाला? त्या मुलाने केवळ "का?" असे आपल्या वऱ्हाडी बोलीत विचारले. बरे, प्रथम ऐकताना तो शब्द नवा वाटला, असे म्हणू. पण पन्नासाव्या वेळी त्यात नवल कसले? तरीही हसू येते. नवल संपल्यावर जे हसू उरते, त्याला मी विनोद म्हणत नाही. त्याला हेटाळणी म्हणतो. तो मुलगा पुढे प्रश्न विचारायचेच सोडून देतो.

याच जिल्ह्यातील कवी शंकर बडे यांनी त्याच वऱ्हाडीत कविता व किस्से सांगून सभागृहेच्या सभागृहे हसविली. "काऊन" हा शब्द तोच. परंतु तो केव्हा टाकावा आणि त्यापूर्वी किती थांबावे, हे बोलणाऱ्याने ठरविले होते. श्रोते त्याच्या बोलीला हसत नव्हते, तिने घेतलेल्या वळणाला हसत होते.

आज घरी शकुंतलेची गोष्ट दोन प्रकारे सांगून पाहा. एकदा आहे तशी सांगा आणि एकदा "एक गाडी चोवीस तास उशिरा आली होती" अशी सुरुवात करून सांगा. आजोबा दोन्ही वेळा हसले, तर दुसरे हसू गोष्टीचे नव्हे, नातवंडाच्या कौतुकाचे समजावे.