बीजगोळे करण्याआधी बी फोडून बघा

जून जवळ आला की बीजगोळ्यांच्या मोहिमांना ऊत येतो. शाळा, मंडळं, कंपन्यांचे कर्मचारी, सगळे हौसेनं चिखलात हात घालतात आणि फोटोखाली आकडा छापून येतो : पन्नास हजार, एक लाख. दौंडच्या बाजूला माझी देशी झाडांची रोपवाटिका आहे. त्यामुळे लोक माझ्याकडे बी मागायला येतात, नाहीतर स्वतः गोळा केलेलं पोतंभर बी दाखवायला आणतात. ते पोतं उघडलं की मला एवढंच विचारावंसं वाटतं : यातल्या किती बियांच्या आत काही शिल्लक आहे?

रस्त्याकडेच्या शिरीषाखाली पडलेली एखादी शेंग सोलून बघा. चपट्या, तपकिरी बियांपैकी काहींवर टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं, अगदी गोल भोक दिसेल. भोक नसलेल्या बियाही निर्धोक नसतात. एखादीवर एका जागी सालीचा रंग बदललेला, गोल ठिपका असतो. त्यावर नखानं दाब दिला की साल झाकणासारखी आत जाते आणि आत पाय पोटाशी घेऊन बसलेला करडा भुंगेरा सापडतो. त्याचे वरचे पंख आखूड असतात, शेपटाकडचा भाग उघडाच राहतो. घरातल्या मुगा-चवळीला जे टोके लागतात, त्यांचेच हे रानातले भाऊबंद. मादी शेंगेवर किंवा बीवर अंडं चिकटवते, अळी अंड्याच्या तळातूनच आत शिरते आणि बीमधला गर खाऊन वाढते. कोशात जाण्याआधी ती आतून साल गोलाकार पातळ करून ठेवते, म्हणजे पुढे भुंगेऱ्याला नुसतं ढकललं की बाहेर पडता येतं. शिरीष, बाभूळ, खैर, आपटा, कुणाचीच शेंग यांच्या तावडीतून सुटलेली नाही.

मोहीमवाल्यांची चूक इथेच होते. ते बी वेचतात ते झाडाखालचं, महिना-दोन महिने पडून राहिलेलं. तोवर भुंगेऱ्यांची एक पिढी बाहेर पडून दुसरी आत शिरलेली असते. त्यातही गंमत अशी की बाभळीची धड बी गरम पाण्यात घातल्याशिवाय सहजी फुगत नाही, किडकी मात्र साध्या पाण्यात रात्रीत फुगते, कारण भोकातून पाणी थेट आत जातं. लोक खूश होतात. आठ दिवसांनी मातीत नुसता वास मारतो. क्वचित अंकुराचा भाग वाचला तर किडकी बीही रुजते, नाही असं नाही, पण त्या भरवशावर लाखाचा आकडा छापू नये.

मग दुसरा प्रश्न हमखास येतो, ‘ताई, झाडावरच औषध मारलं तर?’ माझं उत्तर ठाम नाही असं आहे. शिरीष काय किंवा बाभूळ काय, दर वर्षी शेंगांनी लगडते. प्रत्येक बीचं झाड व्हायचं असतं तर आपल्याला चालायला जागा उरली नसती. या भुंगेऱ्यांवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या आहेत, त्या भुंगेऱ्यांच्या अंड्यांत आणि अळ्यांत आपली अंडी घालतात. फवाऱ्यात त्याही मरतात.

बी खाणारा किडा म्हणजे शत्रूच, हे मला पटत नाही. दक्षिण आफ्रिकेत वेड्या बाभळीच्या जातभाईंनी रान व्यापलं, तेव्हा तिथल्या लोकांनी 1987 साली अमेरिका खंडातून असाच एक बी खाणारा भुंगेरा मुद्दाम आणून सोडला. सुबाभळीसाठी 1999 मध्ये दुसरा आणला. परक्या झाडाबरोबर त्याचा किडा आला नाही की काय होतं, हे पाहायला दौंडहून लांब जावं लागत नाही. ओढ्याकाठी वेडी बाभूळ बघावी. वेड्या बाभळीच्या शेंगांबाबत दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांना एक अडचण मात्र आली : भुंगेऱ्याच्या आधी गुरंच शेंगा फस्त करतात आणि बी शेणातून सगळीकडे पोचवतात.

परक्या झाडाच्या बाबतीत जी अडचण, तीच आपल्या बाभळीच्या बाबतीत सोय आहे. शेळ्या-मेंढ्या बाभळीच्या शेंगा आवडीनं खातात. कठीण सालीच्या बऱ्याच बिया रवंथ करताना बाहेर पडतात किंवा लेंडीतून येतात, आणि पोटातल्या त्या प्रवासात साल मऊ झालेली असते. सेरेंगेटीतल्या बाभळींवर 1974 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच मांडलं होतं, की शेंग वेळेवर जनावराच्या पोटात गेली तर आतली कोवळी अळी मरते आणि बी वाचते. आमच्याकडे मेंढरं बसवायला येणारे एक धनगर बाबा हे वाचायला गेले नव्हते. ते म्हणाले, ‘बाभळीचं बी पायजे तर झाडाखाली कशाला वाकता? वाड्यातलं घ्या.’ मी तेच घेते.

बाकीच्या झाडांसाठी माझी पद्धत साधी आहे. शेंग पिकून वाळली की झाडावरूनच उतरवायची, खाली पडायची वाट बघायची नाही. लगेच फोडायची, सुपात पाखडायची, भोकाची आणि ठिपक्याची बी बाजूला काढायची. उरलेलं पाण्यात टाकून तरंगणारं फेकायचं. आतली लहान अळी यातूनही निसटते, म्हणून पूर्ण सुकवलेलं बी घट्ट बरणीत भरून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते. घरचे कुरकुरतात, ते चालायचंच. झाडावरच्या सगळ्या शेंगा मात्र ओरबाडायच्या नाहीत. पोपटांना, खारींना आणि भुंगेऱ्यांनाही त्यातल्या काही लागतात.

यंदा तुमच्या मंडळाचे बीजगोळे होणार असतील तर आधी ढिगातून न निवडता शंभर बिया उचला आणि फोडून बघा. धड किती निघाल्या, तो आकडाही फोटोखाली छापा.