समजून घ्या : वऱ्हाडातल्या लढाया धर्माच्या होत्या की महसुलाच्या?

वाशिम-पुसद रस्त्यावरचं अनसिंग असो की आणखी कुठलं गाव, सकाळी मोबाइल उघडला की इतिहासाचा एखादा मेसेज हमखास आलेला असतो. एका बाजूला हिंदू राजे, दुसऱ्या बाजूला मुस्लिम सुलतान, कधी मध्ये शीख योद्धे. खाली वाक्य : 'खरा इतिहास, पुढे पाठवा.' हा 'खरा इतिहास' अनसिंगच्या आसपासच्या लढायांनाच लावून पाहिला तर काय दिसतं?

कोण कोणाशी लढलं?

११ ऑक्टोबर १७२४. ठिकाण साखरखेर्डा, आजचा बुलढाणा जिल्हा. लढाई निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात. दोघंही मुसलमान, दोघंही मोगलांचे सरदार. या मोहिमेत बाजीराव पेशवे निजामाच्या बाजूने होते. मुबारिजखान मारला गेला आणि निजामाची दख्खनवर पकड बसली. चारच वर्षांनी, १७२८ मध्ये, पालखेडला त्याच बाजीरावांनी त्याच निजामाला कोंडीत पकडलं.

१७६० मध्ये उदगीरला मराठ्यांनी निजामाला हरवलं. तेव्हा मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी यांच्याकडे होता.

२९ नोव्हेंबर १८०३. अकोला जिल्ह्यातलं अडगाव. एकीकडे नागपूरकर भोसले आणि शिंदे, दुसरीकडे जनरल वेलस्ली आणि त्याचे दोस्त निजाम व म्हैसूर यांचे घोडेस्वार. भोसल्यांच्या पायदळात फारशी शिपायांची तुकडी होती. दोन आठवड्यांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. तिथे भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंह हा राजपूत होता.

यातली एकही लढाई 'हिंदू विरुद्ध मुस्लिम' या चौकटीत बसत नाही.

मग भांडण कशाचं?

'वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड' असं जुने लोक म्हणतात. काळी जमीन, कापूस आणि त्यातून येणारा सारा, हे ते सोनं. १७१९ मध्ये मोगल बादशहाने मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याच्या सनदा दिल्या. चौथाई म्हणजे महसुलाचा २५ टक्के आणि सरदेशमुखी म्हणजे आणखी १० टक्के. वऱ्हाड या सहांपैकी एक सुभा होता.

परिणाम काय? मुलूख नावाने निजामाचा, वसुलीत वाटा भोसल्यांचा. याला दुअंमल म्हणतात. गावात दोन सरकारांची माणसं येणार आणि दोघांनाही द्यावं लागणार. कुणबी कोणत्या देवाला हात जोडतो, याने त्याचा सारा कमी होत नव्हता.

अडगावनंतर देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड गमावला आणि तो निजामाच्या पदरात पडला. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाची थकबाकी म्हणून निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला. पन्नास वर्षांत मालक बदलत गेले, सारा भरणारा तोच राहिला.

शिखांचा संबंध कुठे येतो?

शेजारच्या नांदेडला. गुरू गोविंदसिंह १७०८ मध्ये तिथे आले ते बादशहा बहादूरशहाच्या छावणीसोबत. हा बादशहा तेव्हा स्वतःच्या भावावर, कामबक्षवर, चालून निघाला होता. गुरूंचा देह नांदेडलाच पडला. पुढे १८३० च्या दशकात पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी तिथला गुरुद्वारा उभारला, तोही निजामाच्या राज्यात. निजामाच्या दरबारातले बडे कारभारी तेव्हा राजा चंदूलाल होते आणि रणजितसिंहांचे परराष्ट्र व्यवहार फकीर अजीजुद्दीन पाहत होते. एका हिंदूकडे मुस्लिम राज्याचा कारभार, एका मुसलमानाकडे शीख राज्याची मुत्सद्देगिरी!

म्हणजे धर्माचा संबंधच नव्हता?

होता. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला, गुरू तेगबहादूर यांना त्याच्याच काळात दिल्लीत मारण्यात आलं. हे झाकायचं कारण नाही. राज्यकर्ते धर्माच्या नावाने माणसं जमवत, धर्माच्या नावाने छळही करत. पण तह करताना, फौज भरती करताना आणि महसूल वाटून घेताना तेच राज्यकर्ते धर्म बाजूला ठेवत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मेसेजमध्ये त्यातली एकच येते, तीही आज गावात शेजारी राहणाऱ्या माणसाकडे बोट दाखवण्यासाठी.

पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न

१) दोन्ही सैन्यांत कोण कोण होतं?
२) लढाईनंतर महसूल कोणाकडे गेला?
३) तारीख आणि ठिकाण दिलंय का?

तिन्हींची उत्तरं नसतील तर तो इतिहास नाही, चिथावणी आहे. अनसिंगचा आठवडी बाजार सगळ्यांच्या येण्यानेच भरतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजांनी आपापले हिशेब तहात मिटवले. त्यांची थकबाकी आज शेजाऱ्याकडून वसूल करायला निघणं म्हणजे नव्याने दुअंमल बसवणं, आणि त्याचा साराही गावालाच भरावा लागेल.